बंद पडलेल्या क्रूझ कंपन्यांची जुनी जहाजे : खरेदीचा व्यवहार आणि मुंबई बंदराचा अनुभव

प्रस्तावना

एखादी पर्यटन जहाज कंपनी बंद पडते तेव्हा तिच्यामागे कर्ज, कर्मचाऱ्यांचे थकीत वेतन, प्रवाशांनी आगाऊ भरलेले पैसे आणि जहाजे एवढ्या गोष्टी उरतात. यांपैकी जहाजे तेवढी बाजारात विकली जाऊ शकतात. नवे प्रवासी जहाज बांधण्यास काही वर्षे आणि प्रचंड भांडवल लागते. लिलावातील जुने जहाज मात्र त्याच्या अल्पांशात आणि तत्काळ मिळते. सबब, अशी जहाजे दुसऱ्या क्रूझ कंपनीने घ्यावीत का, हा प्रश्न सकृद्दर्शनी सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नाही. मुंबई बंदराने २०१९ ते २०२१ या काळात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाचा प्रवासी केवळ मुंबईकर नसतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील कुटुंबेही त्यात असतात. त्यामुळे हा विषय अर्थशास्त्र, वाणिज्य आणि विधी या तिन्ही शाखांच्या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

लेखाची उद्दिष्टे

१) जुन्या क्रूझ जहाजाचे मूल्य कशावर ठरते, हे स्पष्ट करणे.
२) जागतिक व भारतीय उदाहरणांच्या आधारे अशा खरेदीच्या यशापयशाची कारणे शोधणे.
३) भारतीय परिस्थितीत कोणत्या अटींवर अशी खरेदी योग्य ठरेल, ते सांगणे.

दोन भगिनी जहाजे : दोन भवितव्ये

इटलीतील मोनफाल्कोने येथील फिनकांतिएरी गोदीत १९९० मध्ये 'क्राऊन प्रिन्सेस' आणि १९९१ मध्ये 'रीगल प्रिन्सेस' ही एकाच आराखड्याची दोन जहाजे तयार झाली. प्रत्येकाचे ग्रॉस टनेज, म्हणजे बंदिस्त जागेचे माप, सुमारे ७०,००० होते.

'क्राऊन प्रिन्सेस'ने अनेक मालक व नावे पाहिली. ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युवेल' म्हणून सेवा दिल्यावर ती एस्सेल समूहाच्या झेन क्रूझेसने घेतली आणि एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसची 'कर्णिका' म्हणून ती मुंबईहून गोवा व दीवच्या फेऱ्या करू लागली. जानेवारी २०१९ पासूनच एस्सेल समूह कर्जफेडीच्या ताणाखाली होता. अकरा महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे फेऱ्या थांबल्या. जहाज मुंबई बंदरात अडकले, देणी वाढत गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याचा लिलाव झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ते अलंगच्या किनाऱ्यावर तोडणीसाठी चढवले गेले.

'रीगल प्रिन्सेस' पुढे 'पॅसिफिक डॉन' झाली. ती ब्रिटनमधील क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस या कंपनीकडे जाणार होती. पण ही कंपनीच जुलै २०२० मध्ये बुडाली. त्यानंतर पनामाजवळ तरंगती वसाहत करण्याच्या कल्पनेने ती 'सातोशी' या नावाने विकत घेतली गेली. ती योजनाही बारगळली. अखेर २०२१ मध्ये अँबॅसेडर क्रूझ लाइन या नव्या ब्रिटिश कंपनीने ती घेतली. एप्रिल २०२२ मध्ये 'अँबियन्स' या नावाने टिलबरी बंदरातून तिने पुन्हा प्रवास सुरू केला.

दोन्ही जहाजांचा आराखडा एक, वय जवळपास एक आणि संकटही एकच होते. फरक मालकाच्या आर्थिक बळात, खरेदीच्या वेळेत आणि तयार ग्राहकवर्गात होता. बुडालेल्या कंपनीचे ब्रिटिश प्रवासी नव्या सेवेच्या प्रतीक्षेत होते; अँबॅसेडरने जहाजाबरोबर ती रिकामी झालेली जागाही घेतली. यावरून पहिला निष्कर्ष निघतो, तो असा की जहाजाचे वय हा निर्णयातील एक घटक असला तरी तो निर्णायक घटक नव्हे.

क्रिस्टलचे उदाहरण : खरेदीपेक्षा डागडुजी महाग

आलिशान श्रेणीतील सर्वांत बोलके उदाहरण क्रिस्टल क्रूझेसचे आहे. २०१५ मध्ये गेंटिंग हाँगकाँगने ही कंपनी ५५ कोटी डॉलरला घेतली. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग कोसळली; पुढच्याच महिन्यात 'क्रिस्टल सिम्फनी' (१९९५) आणि 'क्रिस्टल सेरेनिटी' (२००३) ही जहाजे बहामामध्ये जप्त झाली.

यानंतरची विभागणी लक्षणीय आहे. स्पर्धक कंपनी सिल्व्हरसीसाठी तिच्या मूळ रॉयल कॅरिबियन समूहाने घेतले ते २०२१ मध्ये बांधलेले 'क्रिस्टल एंडेव्हर', तेही २७.५ कोटी डॉलरला. जुनी दोन्ही जहाजे घेतली ती अँबरक्रॉम्बी अँड केंट या पर्यटन समूहाने, सुमारे १२.८ कोटी डॉलरला. एका नव्या जहाजाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत दोन जुनी जहाजे मिळाली. परंतु त्यांच्या नूतनीकरणावर १५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. 'सेरेनिटी'ची प्रवासीक्षमता ९८० वरून ७४० वर आणली गेली. तिच्या ६८,८७० ग्रॉस टनेजला प्रवासीसंख्येने भागले असता दरमाणशी जागेचा निर्देशांक सुमारे ७० वरून ९३ वर गेलेला दिसतो. २०२३ मध्ये ही जहाजे पुन्हा समुद्रात उतरली.

जुन्या जहाजाचा सांगाडा विकत घेता येतो. 'आलिशान' ही प्रतिष्ठा मात्र जागा, सेवा आणि नाव यांतून नव्याने उभी करावी लागते, हे येथे स्पष्ट होते. अँबरक्रॉम्बी अँड केंटने जहाजांबरोबर 'क्रिस्टल' हे नावही घेतले. ज्या कंपनीचे स्वतःचे नाव प्रस्थापित आहे, तिला मात्र जुन्या जहाजामुळे आपल्या ताफ्यात दोन दर्जे निर्माण होण्याचा धोका पत्करावा लागतो.

मूल्यनिर्धारणाचे घटक

अ) तळमूल्य : कोणत्याही जहाजाची किमान किंमत जहाजतोडणीच्या बाजारात ठरते. रिकाम्या जहाजाचे वजन आणि पोलादाचा प्रतिटन दर यांचा तो गुणाकार असतो. खरेदीची किंमत तळमूल्याच्या जितकी जवळ, तितकी भांडवलबुडीची जोखीम कमी.

आ) नियमपालनाचा खर्च : समुद्रातील जीवितसुरक्षेच्या सोलास करारातील ज्वलनशील बांधकाम-साहित्यावरील निर्बंध १ ऑक्टोबर २०१० पासून लागू झाले व अनेक जुनी जहाजे बाद ठरली. १ जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५ टक्के झाली. २०२३ पासून विद्यमान जहाजांनाही ऊर्जाकार्यक्षमतेचा निर्देशांक लागू झाला. जुन्या इंजिनाचा इंधनखर्च नव्यापेक्षा अधिक असतो. खरेदीतील बचत तो हळूहळू गिळून टाकतो.

इ) उभ्या जहाजाचा खर्च : जहाज धक्क्याला असले तरी खलाशी, विमा, इंधन आणि बंदरशुल्क चालूच राहते. 'पांढरा हत्ती' या शब्दप्रयोगाचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही.

ई) मार्गाशी अनुरूपता : जहाज कोणत्या सफरींसाठी बांधले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

कर्णिकेनंतरची मुंबई

कर्णिका अलंगला गेली त्याच सुमारास मुंबईत वॉटरवेज लेझर टुरिझम ही कंपनी उभी राहत होती. जलेशचे नेतृत्व केलेले युर्गेन बायलॉम हेच या कंपनीच्या कॉर्डेलिया क्रूझेसच्याही नेतृत्वस्थानी आले. कंपनीने निवडले ते रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यातून डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडलेले 'एम्प्रेस' हे जहाज. हे देखील १९९० चेच. पण ४८,५०० ग्रॉस टनेजचे, म्हणजे कर्णिकेहून बरेच लहान. मुख्य म्हणजे ते मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बांधलेले होते. सप्टेंबर २०२१ पासून मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशा छोट्या सफरींसाठी ते वापरात आले. दोन माणशी खोलीच्या हिशेबाने त्याची क्षमता सुमारे १,६०० म्हणजे दरमाणशी निर्देशांक ३० च्या आसपास येतो. ही आलिशान श्रेणी नव्हे. पण सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत समुद्र पाहू इच्छिणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाची गरज त्यातून भागते. निवडीमागील कारणे काहीही असोत, बंद पडलेल्या कंपनीचे जहाज न घेता तिचा अनुभव आणि तिने घडवलेला ग्राहक घेणे हाही एक मार्ग असतो, हे या घटनेतून दिसते.

पुढील टप्प्यात कंपनीने तिसरा मार्ग धरला. 'नॉर्वेजियन स्काय' (१९९९) व 'नॉर्वेजियन सन' (२००१) ही जहाजे अनुक्रमे २०२६ व २०२७ पासून दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने घेण्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले. भाडेकरारात भांडवल अडकत नाही. मात्र उत्पन्न असो वा नसो, भाडे द्यावेच लागते.

कायदेशीर बाजू

भारताचा सागरी दाव्यांविषयीचा नौकाधिकरण कायदा २०१७ चा असून तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार न्यायालयीन लिलावातून विकलेले जहाज सर्व बोजांपासून मुक्त होऊन खरेदीदाराकडे येते. खरेदीदाराच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. खाजगी सौद्यात जुनी देणी जहाजाच्या मागे लागू शकतात. सागरी धारणाधिकारांच्या क्रमवारीत खलाशांच्या वेतनाला पहिले स्थान आहे. प्रवाशांच्या आगाऊ रकमेचा या धारणाधिकारांत समावेश नाही. म्हणजे नाशिकच्या एखाद्या कुटुंबाने सहा महिने आधी भरलेले पैसे कंपनी बुडाल्यास जहाजाच्या विक्रीतून मिळण्याची आशा फारच क्षीण असते. अमेरिकेत तेथील बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाज कंपन्यांना संघीय सागरी आयोगाकडे आर्थिक हमी द्यावी लागते. 'क्रूझ भारत मिशन' २०२४ मध्ये सुरू झाले आणि मुंबईचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटित झाले. धक्के वाढत असताना प्रवाशांच्या पैशाला तशाच हमीचे संरक्षण देणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

बंद पडलेल्या स्पर्धकाची जुनी जहाजे घ्यावीत, पण चार अटी पूर्ण होत असतील तरच. पहिली, किंमत तळमूल्याच्या जवळ असावी. दुसरी, नूतनीकरणाचा खर्च खरेदीइतका किंवा त्याहून अधिक होईल असे धरून भांडवल आधीच उभे असावे. तिसरी, जहाज नियोजित मार्गाला व ग्राहकाला साजेसे असावे. चौथी, किमान एक हंगाम उत्पन्नाविना तग धरण्याची ताकद मालकाकडे असावी. प्रस्थापित आलिशान कंपनीने मात्र जुन्या जहाजांऐवजी स्पर्धकाची नवी जहाजे, अनुभवी कर्मचारी आणि ग्राहक यांकडे पाहणे अधिक हिताचे ठरते.

कर्णिका वयामुळे बुडाली नाही. चौथी अट पूर्ण करण्याचे बळ तिच्या मालकाकडे उरले नव्हते. साथीने ते उघडे पाडले. कर्ज काढून घेतलेले स्वस्त जहाज शांत समुद्रात स्वस्त असते. वादळात तेच सर्वांत महाग पडते, आणि त्याची किंमत मालकाबरोबर खलाशी व प्रवासीही मोजतात.