चांदी, चिनी माती आणि घड्याळ : घरातल्या जुन्या वस्तू ओळखाव्यात कशा

बडोद्यात जुन्या वस्तूंच्या संग्रहाविषयी बोलायचे तर आरंभ सयाजीराव महाराजांपासूनच करावा लागतो. कमाटीबागेतल्या संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. शेजारचे चित्रदालन १९१४ मध्ये बांधून झाले, पण महायुद्धामुळे युरोपातून चित्रे येण्यास विलंब झाला आणि ते १९२१ मध्ये खुले झाले. तिथे युरोपची चित्रे आहेत, तशाच चीन-जपानच्या वस्तूही आहेत. राजाने जमवलेल्या वस्तू रयतेला पाहता याव्यात, हा त्यामागचा विचार होता. पुण्याच्या दिनकर केळकरांनी हाच विचार राजा नसताना केला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, पानदाने, भांडी अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने 'राजा केळकर संग्रहालय' उभे करून १९७५ मध्ये सरकारच्या स्वाधीन केले.

तुमच्या-माझ्या घरात संग्रहालय नसते, पण काचेचे कपाट असते. त्यात आजीची चांदीची किटली, निळ्या वेलबुट्टीचे चार पेले आणि बंद पडलेले टोल्यांचे घड्याळ असते. वाडा विकायला निघाला, मुले परगावी गेली, की या वस्तूंचा प्रश्न एका दुपारी निकालात निघतो. चांदी मोडीत जाते, पेले मोलकरणीला दिले जातात, घड्याळ भंगारवाल्याकडे जाते. द्यायचे-विकायचे ते जरूर द्यावे-विकावे, पण वस्तू काय आहे हे कळल्यावर. ते कळायला फारशी विद्वत्ता लागत नाही. भिंग, तराजू आणि थोडा धीर पुरतो.

प्रथम चांदी. भांडे उलटे करा आणि भिंगातून ठसे पाहा. विलायती चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असेल तर ती स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. हा सिंह १५४४ पासून वापरात आहे. शेजारी नांगर असेल तर परीक्षा बर्मिंगहॅमला झाली, बिबट्याचे तोंड असेल तर लंडनला. राजाचा किंवा राणीचा चेहरा कोरलेला असेल तर तो कर भरल्याचा शिक्का होय. तो १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारला जाई. म्हणजे एका नखाएवढ्या जागेत गाव आणि काळ दोन्ही सापडतात.

'ई. पी. एन. एस.' ही अक्षरे दिसली तर मात्र तो मुलामा आहे. आत तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. वर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा पातळ थर. ही कृती इंग्लंडमध्ये १८४० पासून व्यापारात आली. 'जर्मन सिल्व्हर' या नावात तर चांदी आहे, धातूत अजिबात नाही. डॉक्टर म्हणून एक सूचना देतो : मुलामा झिजून आतला पिवळसर धातू दिसू लागलेल्या भांड्यात दही, लोणचे, लिंबाचे सरबत ठेवू नका. शोभेसाठी मात्र ते खुशाल ठेवा.

आपल्याकडच्या जुन्या चांदीवर बहुधा असे ठसे नसतात. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि पुढे राणीछाप रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा होता. सोनाराला रुपये देऊन भांडी घडवून घेत आणि वजन 'इतके रुपये भार' असे सांगत. घरच्या जुन्या यादीत असा आकडा सापडला तर भांडे तराजूत घालून ताडून पाहा. जुळले तर त्याहून चांगला दाखला नाही. अपवाद कच्छचा. भुजचे ओमरशी मावजी हे कच्छ दरबारचे सोनार. दाट पानाफुलांची, मधूनच पशुपक्षी डोकावणारी त्यांची नक्षी आणि बुडाशी 'ओ. एम.' ही इंग्रजी अक्षरे असलेली किटली आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. अशी वस्तू वजनावर मोडीत देणे म्हणजे ग्रंथ रद्दीच्या भावाने विकणे.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे. प्रत्येक वेळी घासताना थोडी चांदी निघून जाते आणि नक्षीची धार बोथट होते. खाचांतला काळेपणा पुष्कळदा कारागिराने मुद्दाम राखलेला असतो, त्यामुळेच नक्षी उठून दिसते. म्हणून मऊ कापडाने पुसा, रांगोळीने घासू नका.

आता चिनी माती. मराठीत 'चिनी माती' म्हटले की कपबशीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळे त्यात येते. खरी चिनी पोर्सेलीन दोन खनिजांची : केओलीन ही पांढरी माती आणि एक प्रकारच्या दगडाची पूड. हे मिश्रण सुमारे १३०० अंश उष्णतेत भाजले की काचेसारखे घट्ट होते. चिंगडेचन हे या कामाचे शतकानुशतकांचे गाव. युरोपला हे गुपित १७०८च्या सुमारास जर्मनीत उलगडले आणि मायसेनचा कारखाना १७१० मध्ये सुरू झाला. इंग्लंडने वेगळा मार्ग काढला : मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळली, बहुतेक निम्म्यापर्यंत. तीच बोन चायना. नावातच 'बोन' आहे, पण ते आपण वाचत नाही.

मी जैन आहे. माझ्यासारख्यांच्या घरात हा प्रश्न निव्वळ शोभेचा नाही. कित्येक घरांत 'चिनी' म्हणून सगळ्याच कपबश्या वर्ज्य ठरतात, तर कित्येक घरांत पाहुण्यांसाठी ठेवलेला भारी सेट हाडांच्या राखेचा असतो आणि कुणाला पत्ता नसतो. दोन्ही टाळता येते. पेला उजेडासमोर धरा. दोन्हींतून उजेड पारदिसतो, पण बोन चायना दुधाळ, किंचित पिवळसर ऊब असलेली पांढरी दिसते आणि बुडाशी बहुधा तसे छापलेले असते. चिनी पोर्सेलीनचा रंग निळसर किंवा करडा पांढरा असतो आणि ज्या कडेवर पेला उभा राहतो ती कड बिनझिलईची, बोटाला खरखरीत लागते. चीनच्या जुन्या पेल्यांना कान नसतात. कान बसवले गेले ते युरोपच्या गिऱ्हाइकांसाठी. पेला कोणता हे ओळखा आणि मग वापरायचा की नाही ते आपापल्या विवेकाने ठरवा.

बुडाशी चिनी अक्षरे असली म्हणून हुरळून जाऊ नका. खांगशी बादशहाचे राज्य १७२२ मध्ये संपले, पण त्याच्या नावाची मुद्रा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही सर्रास काढली जात होती. काही वेळा फसवणुकीसाठी, पुष्कळदा पूर्वजांविषयीच्या आदराने. इंग्रजीत 'चायना' लिहिलेले असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेने त्या वर्षापासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. तुटलेल्या बशीला धातूचे टाके घातलेले दिसले तर ती फेकू नका. एके काळी ती टाके घालण्याइतकी मोलाची होती, हाच तिचा इतिहास. मात्र झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसे असू शकते. अशा भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये आणि लहान मुलांना त्यातून रोज पाजू नये.

तिसरे घड्याळ. रावपुऱ्यात राहणाऱ्याला घड्याळाची थोरवी सांगायला नको. चिमणाबाईसाहेबांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये उभारलेला टॉवर हीच आमच्या भागाची खूण. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात तबकडीवरच्या नावापेक्षा आतल्या पितळी पत्र्यावरची खूण महत्त्वाची. आठ टोकांचा तारा असेल तर यंत्र जर्मनीच्या युंगहान्सचे. 'अन्सोनिया, न्यूयॉर्क' असेल तर १९३०च्या आधीचे, कारण त्या सुमारास कारखान्याची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. पेटी एकाची, यंत्र दुसऱ्याचे आणि तबकडी तिसऱ्याची अशी जोडघड्याळे बाजारात पुष्कळ. पेटीच्या आत जुनी, रिकामी खिळ्यांची भोके दिसली तर समजावे की यंत्र बदलले आहे. टोल्यांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नका. मागे पडत असेल तर लंबकाचे वजन थोडे वर घ्या, पुढे जात असेल तर खाली.

एक इशारा गंभीरपणे देतो. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची जुनी गजराची घड्याळे आपण आजही 'रेडियमची' म्हणतो, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ती खरोखरच रेडियमची असत. चमक विझली म्हणून रेडियम संपत नाही. चमकणारा लेप निकामी होतो, पण रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. अशा घड्याळाची काच उघडू नका, काटे खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

शेवटी कायदा. १९७२चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजीची किटली लेकीला न्यू जर्सीला पाठवायची असेल तर वस्तू तेवढी जुनी नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घ्यावा. पुष्कळ किटल्यांच्या मुठीत उष्णता अडवण्यासाठी हस्तिदंताच्या चकत्या असतात, हेही पाहून घ्यावे. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. आम्हा जैनांना त्यासाठी कायद्याची गरज पडू नये.

हे सारे करायला एक रविवार पुरेल. प्रत्येक वस्तूचे वजन, ठसा आणि ती कुणी, कधी, कुठून आणली हे एका वहीत लिहा आणि वस्तूचे छायाचित्र काढून सोबत चिकटवा. वजन आणि ठसा पुढेही कुणी पाहू शकेल. ती कुणी आणली हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. म्हणून वहीची सुरुवात त्यांना विचारून करा.