३१ डिसेंबरवर दाबा कंट्रोल-ए

विम एडिटरमध्ये १९९९-१२-३१ अशी तारीख लिहा, कर्सर ३१ वर ठेवा आणि कंट्रोल-ए दाबा. हे बटण आकडा एकने वाढवतं. पण समोर येतं १९९९-१२-३०. दिवस पुढे जायचा सोडून मागे गेला!

विमला तिथे तारीख दिसतच नाही, त्याला फक्त आकडा दिसतो. ३१ च्या आधीची आडवी रेघ तो वजाचं चिन्ह धरतो आणि उणे ३१ मध्ये एक मिळवून उणे ३० करून मोकळा होतो. वजाचं चिन्ह बघू नकोस अशी सेटिंग केली तर होतात ३२. डिसेंबरची ३२ तारीख!

टिम पोप यांचं ‘स्पीडडेटिंग’ हे छोटं प्लगइन नेमका हाच घोळ निस्तरतं. विम वापरणाऱ्यांना पोप हे नाव नवं नाही. ‘फ्युजिटिव्ह’ आणि ‘सराउंड’ ही घरोघरी बसलेली प्लगइन्सही त्यांचीच. स्पीडडेटिंग बसवा, त्याच ३१ वर तेच कंट्रोल-ए दाबा, की हजर २०००-०१-०१. एका दाबात दिवस, महिना, वर्ष सगळं उलटलं. नवं बटण शिकायला नको, मेन्यू नको, महिन्याच्या चौकटीचं ते छोटं खिडकीवजा कॅलेंडरही नको.

कर्सर कुठे आहे त्यावर काय वाढणार ते ठरतं. महिन्यावर असेल तर महिना, वर्षावर असेल तर वर्ष. कंट्रोल-एक्सने उलटा प्रवास. आधी ७ दाबून मग कंट्रोल-ए म्हणजे थेट पुढच्या आठवड्याचा तोच वार. लीप वर्षाची काळजी आपण करायची नाही: २०२४-०२-२८ नंतर २९ येते, २०२३-०२-२८ नंतर सरळ १ मार्च.

लीप वर्ष भल्याभल्यांना चकवतं, म्हणून याचं विशेष कौतुक. एक्सेलच्या एका कप्प्यात ६० लिहून त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. हा दिवस कधी उगवलाच नव्हता, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली ही चूक, त्याच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने मुद्दाम ठेवली, आणि ती आजही तिथेच आहे.

आता माझा सर्वांत आवडता प्रयोग. ईमेलच्या माथ्यावर असते तशी पूर्ण तारीख इंग्रजीत लिहा: शुक्रवार, ३१ डिसेंबर १९९९, २३:५९:५९. कर्सर शेवटच्या सेकंदावर न्या आणि एकदाच कंट्रोल-ए. सेकंद शून्य, मिनिट शून्य, तास शून्य, तारीख एक, महिना जानेवारी, वर्ष २००० आणि वार शनिवार. एका सेकंदाने सात जागा बदलल्या! हाताने करायला गेलं तर वार बदलायचा हमखास राहतो आणि चुकीच्या वाराचं निमंत्रण दहा जणांना जातं. इथे वार तारखेवरूनच काढला जातो, त्यामुळे तो चुकायला वावच नाही.

वेळेची गंमत इथेच संपत नाही. तारखेवर कर्सर ठेवून डी आणि मग कंट्रोल-ए दाबलं तर तिथे आत्ताची यूटीसी वेळ येते. डी आणि कंट्रोल-एक्स दाबलं तर आपल्या संगणकाची स्थानिक वेळ. भारतात बसून दोन्ही करून पाहा, बरोबर साडेपाच तासांचा फरक. परदेशातल्या सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना या साडेपाचाचा हिशेब रोजचाच.

पण प्लगइनचा खरा कस लागतो तो यादी करताना. समजा, जानेवारीच्या सगळ्या तारखा एकाखाली एक हव्यात. पहिल्या ओळीत २०२५-०१-०१ लिहा. मग क्यू-ए दाबून मॅक्रो नोंदवायला सुरुवात करा. वाय-वाय-पीने ओळीची खाली नक्कल होते, डॉलरच्या चिन्हाने कर्सर ओळीच्या शेवटी म्हणजे दिवसावर जातो, कंट्रोल-एने दिवस वाढतो, आणि क्यूने नोंद थांबते. डॉलर विसरू नका. नाहीतर कर्सर ओळीच्या सुरुवातीला राहतो आणि दिवसाऐवजी वर्षं वाढत जातात. आता २९@ए टाइप करा. झरझर एकतीस ओळी पूर्ण! आकडा मोठा दिलात तर फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, सगळे आपापले दिवस सांभाळत खाली उतरतात. दर गुरुवारच्या बैठकींची वर्षभराची यादी हवी असेल तर पहिली ओळ गुरुवारची ठेवा आणि मॅक्रोत कंट्रोल-एच्या आधी ७ घाला, बस्स.

रोमन आकडेही याला येतात. आठव्या प्रकरणाच्या रोमन आकड्यावर बटण दाबलं की नववं. इंग्रजी क्रमवाचक आकड्यांची शेपटीसुद्धा बदलते: एकची एसटी, दोनची एनडी, तीनची आरडी.

आपल्याकडची दिवस-महिना-वर्ष अशी तिरप्या रेघांची तारीख मात्र त्याला शिकवावी लागते. त्यासाठी ‘स्पीडडेटिंगफॉरमॅट’ ही आज्ञा आहे. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असा क्रम एका ओळीत सांगितला की झालं. हे रास्तच आहे, कारण ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे अमेरिकेत आणि आपल्याकडे वेगळं. वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम सर्वांत निर्धोक. फायलींच्या नावांत तो वापरला तर त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

आणि हो, इथे छापलेत तसे देवनागरी आकडे चालत नाहीत, तिथे इंग्रजीच टाका. कुणा मराठी प्रोग्रॅमरने ही उणीव भरून काढावी, अशी मनापासून इच्छा आहे.

विम वापरत नसाल तरी निराश होऊ नका. ईमॅक्सच्या ऑर्ग-मोडमध्ये शिफ्ट आणि वरचा बाण तारखेचा कर्सरखालचा भाग बदलतो. हा मोड २००३ मध्ये सुरू केला कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्येही एफ५ दाबलं की आत्ताची तारीख-वेळ उमटते. फायलीच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन कॅपिटल अक्षरांत इंग्रजी ‘लॉग’ लिहा, मग फाईल उघडाल तेव्हा नोटपॅड शेवटी वेळ आपणहून लिहून ठेवतं. रोजनिशीसाठी याहून सोपं काही मला माहीत नाही.

विम वापरत असाल तर स्पीडडेटिंगसोबत पोप यांचंच ‘रिपीट’ही बसवा, म्हणजे तारखेची वाढ नुसत्या टिंबाच्या बटणाने पुन्हा करता येते. टर्मिनलवर जीएनयू स्क्रीनमध्ये विम चालवत असाल तर कंट्रोल-ए स्क्रीनच गिळून टाकतो. तिथे कंट्रोल-ए दाबून लगेच नुसतं ए दाबा, म्हणजे ते विमपर्यंत पोचतं.