ऐंशी टाक्यांची टोपी

मार्गशीर्ष संपून पौष लागला की ग्वाल्हेरची थंडी खऱ्या अर्थाने उतरते. पुण्या-मुंबईहून लेकीच्या भेटीस आलेले पाहुणे पहिल्या दिवशी ‘काय छान हवा आहे!’ म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी रजईतून बाहेर यावयास तयार नसतात. जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली जाणे येथे नवलाचे नाही, आणि धुके पडले म्हणजे दुपारपर्यंत सूर्यदर्शन नाही. अशा दिवसांत लष्करातील मराठी घरांच्या गच्च्यांवर एकेकाळी जे दृश्य दिसे, ते आमच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. उन्हात सतरंजी पसरलेली, परातीत सोलावयास घेतलेले मटार, आणि चौघीजणींच्या हातांत सुया. बोलणे थांबत नसे आणि हातही थांबत नसत.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनचे आक्रमण झाले, आपले जवान हिमालयाच्या उंचीवर पुरेशा गरम कपड्यांवाचून लढत आहेत हे कळले, आणि देशभर घराघरांतून सुया निघाल्या. शाळकरी मुलींनीसुद्धा मोजे आणि मफलर विणले. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायका त्या दिवसांच्या आठवणी सांगत, तेव्हा त्यांत युद्धाच्या बातम्यांपेक्षा मोज्याची टाच कशी वळवावी याचेच वर्णन अधिक असे! पुढे लुधियान्याचा तयार माल स्वस्त झाला आणि सुया हळूहळू ट्रंकेच्या तळाशी गेल्या. त्या पुन्हा वर आल्या त्या गेल्या काही हिवाळ्यांत, आणि वर काढणारे हात आमच्या पिढीचे नव्हते.

कॉलेजात शिकणारी किंवा नुकतीच नोकरीस लागलेली ही दहा-बारा मुले-मुली. एरवी गणेशोत्सवात मांडवाची नि आरतीची व्यवस्था पाहणारी. एका रात्री गाडीने येणाऱ्या पाहुण्यांना आणावयास त्यांतील दोघे स्टेशनावर गेले, गाडी चार तास उशिरा आली, आणि त्या चार तासांत बाहेर फुटपाथावर पोती पांघरून निजलेली माणसे त्यांनी पाहिली. ‘आपण मफलर विणून वाटू या’ हा बेत तिथलाच. त्यांतील एकासही विणता येत नव्हते, ही गोष्ट त्यांना अडचणीची वाटली नाही. तरुणपणाचा हा गुण आम्हांला नेहमीच हेवा करण्याजोगा वाटत आला आहे.

मग शोध सुरू झाला शिकविणारीचा, आणि तो आमच्या शेजारच्या माईंच्या दारी येऊन थांबला. माईंचे वय ऐंशीच्या घरात. रविवारी दुपारी त्यांच्या गच्चीवर वर्ग भरू लागला. मुलगेही बसत, पहिल्या दिवशी लाजले, नंतर विसरले. माई ‘टाके’ म्हणत, मुले ‘फंदे’. माईंच्या ‘सुया’, मुलांच्या ‘सलाया’. खरी पंचाईत झाली ती मोजण्याची. यांतील कित्येक मुलांना आजीचे मराठी समजते, पण उत्तर हिंदीतून येते. माईंनी ‘अठ्ठेचाळीस झाले का?’ असे विचारले की पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. विणकाम ही अशी गोष्ट आहे की त्यात आकडा चुकून भागत नाही. तेव्हा पहिल्या महिन्यात सुलट-उलटच्या आधी एकापासून शंभरापर्यंतचे मराठी आकडे शिकून झाले. आमच्या मंडळांनी व्याख्याने ठेवून जे साधले नाही, ते लोकरीच्या एका गुंड्याने साधले असे आम्ही म्हणालो, तर मंडळाच्या चिटणीसांनी रागावू नये.

पहिल्या वर्षीचे मफलर मेळ्यातून आणलेल्या स्वस्त लोकरीचे होते. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या मेळ्यात हिवाळाभर स्वस्ताई असते. रंग सुरेख होते. संक्रांतीच्या आदल्या रात्री मुलांनी ते वाटले आणि आम्हीही कौतुकाने बरोबर गेलो होतो. आठ दिवसांनी त्याच रस्त्याने जाताना एका रिक्षावाल्याने मुलांना हाक मारली. शेकोटीशी बसला असता ठिणगी उडून मफलरवर पडली होती. लोकर जळाली नाही, वितळली. वितळून मनगटाला चिकटली, आणि ती ओढून काढताना कातडी निघाली. त्याने तक्रार केली नाही. ‘भैया, ये वाला मत देना किसी को,’ एवढेच म्हणाला.

दोष आमचा होता. ज्याला बाजारात लोकर म्हणतात, ती पुष्कळदा मेंढीच्या अंगावरची नसतेच. ती ॲक्रिलिक, म्हणजे कारखान्यात बनलेला धागा. घरात, गादीवर निजणाऱ्याला तो चालतो, धुण्यासही सोपा. परंतु ज्याची रात्र शेकोटीच्या कडेने जावयाची, त्याच्या अंगावर तो घालणे धोक्याचे. अस्सल लोकर सहसा पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढी जागा करपते आणि ज्योत दूर होताच विझते. ओळखण्याची खूण सोपी आहे. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. केस जळाल्यासारखा वास येऊन राख बोटांत चुरली तर लोकर. काळा, टणक मणी उरला तर ॲक्रिलिक. त्या रात्री मुलांनी माईंच्या स्वयंपाकघरात उरलेल्या प्रत्येक गुंड्याचा धागा जाळून पाहिला. मण्यांचा ढीग झाला. दोघी मुली रडल्या. ‘हे काम बंद करावे’ असेही कोणी म्हणाले.

येथे आम्हांला दुसरी एक गोष्ट आठवली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग गेले आणि त्यांतील कितीतरी रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण तेथील माणसे काय नेसतात याचा विचार पाठविणाऱ्यांनी केलाच नव्हता. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत स्थापन केलेल्या ‘गूंज’ संस्थेने पुढे त्यांतले पुष्कळ कपडे निवडून कामी लावले. आमचे मफलर त्या ढिगांतलेच म्हणावयाचे.

काम बंद पडले नाही. मात्र अस्सल लोकर आणावयास पैसा कोठला? तोड माईंनीच काढली. आपापल्या घरच्या ट्रंका उघडा, त्या म्हणाल्या. डांबराच्या गोळ्यांच्या वासात निजलेले हातविणीचे जुने स्वेटर अस्सल लोकरीचे असतात. ते मागून आणावे, शिवणी काढाव्या आणि गळ्याकडून धागा सोडवीत न्यावा. यंत्रावरचा कापून शिवलेला स्वेटर असेल तर तुकडेच हाती येतात, तो बाजूला ठेवावा. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैलसर बांधावी, रिठ्याच्या कोमट पाण्यातून काढून वजन लावून वाळत घालावी. वेटोळी सरळ होतात. पाणी कढत नको, लोकर आटते.

पहिला स्वेटर माईंनी स्वतःच्या ट्रंकेतून काढला. बाटलीच्या हिरव्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा. त्यांनी लग्नाच्या पुढल्या वर्षी आपल्या यजमानांसाठी विणलेला. ते जाऊन बरीच वर्षे लोटली आहेत. मुले म्हणाली, ‘माई, हा राहू द्या.’ माईंनी उत्तर दिले नाही. कात्री घेऊन खांद्याची शिवण शोधू लागल्या. उसवावयास मात्र त्यांनी कोणास दिला नाही. दोन दुपारी लागल्या. आम्ही शेजारी बसून लडी धरली होती आणि त्या दोन दुपारी आमच्यातही फारसे बोलणे झाले नाही.

जुन्या लोकरीत एकाच रंगाचा मोठा गुंडा क्वचितच मिळतो. त्यावर अमेरिकेतील एक रीत उपयोगी पडली. विस्कॉन्सिन राज्यात एव्ही रोझेन या बाईंनी १९९१ मध्ये गरजूंसाठी असे काम सुरू केले, तेव्हा प्रत्येकाने फक्त ७ इंच रुंद व ९ इंच उंच असा एकच तुकडा विणावा आणि असे ४९ तुकडे जोडून एक पांघरूण करावे अशी योजना केली. नवशिक्यास तुकडा झेपतो, आणि चूक झाली तर तेवढाच उसवावा लागतो. स्टेशनाबाहेर आता अशी पांघरुणे जातात. ती ठिगळांची दिसतात खरी.

दुसरे काम रुग्णालयाचे. कमी वजनाच्या, म्हणजे अडीच किलोहून हलक्या बाळाचे अंग चटकन गार पडते. त्याच्या अंगावर चरबी नसते, आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असल्याने तिथून ऊब फार जाते. अंगाचे तपमान ३६.५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू झाला. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगार रे यांनी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून, अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू-पद्धती म्हणून आज ती आपल्याकडेही चालते. या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी, इतकेच असते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात संसर्ग वेळीच ओळखून औषध देण्याचा वाटा मोठा. पण बाळ उबदार राखणे हाही त्या शिक्षणाचा भाग होता.

मुलांनी पहिल्या खेपेस नेलेल्या टोप्यांपैकी निम्म्या सिस्टरबाईंनी परत केल्या. टोप्या देखण्या होत्या. गोंडे, रिबिनी, मोत्याची बटणे. ‘बाळाच्या तोंडात जाईल असे काही नको, गळ्याशी बांधावयाचे काही नको. आणि हे डोके कोणाचे? सहा महिन्यांच्या मुलाचे?’ असे म्हणून त्यांनी मोजपट्टी काढून दाखविली. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटीमीटर. त्यानंतर माईंनी बसविलेली कृती आमच्या वाचक भगिनींसाठी, आणि बंधूंसाठीही, देतो.

चार पदरी मऊ लोकर, १० नंबरच्या सुया. ८० टाके घालावे. दोन सुलट, दोन उलट अशी चार सेंटीमीटर पट्टी विणावी. मग सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट, एकूण उंची बारा सेंटीमीटर भरेपर्यंत. पुढे सुलट ओळीत आठ टाके विणून दोहोंचा एक, असे ओळभर, ७२ उरतील. उलट ओळ साधी. पुढल्या सुलट ओळीत सात विणून दोहोंचा एक; ६४. याच क्रमाने १६ टाके उरेपर्यंत जावे, धागा कापून सर्व टाक्यांतून ओवून घट्ट ओढावा व बाजूची शिवण घालावी. हलक्या बाळांसाठी ६४ टाक्यांनी आरंभ करावा, उंची दहा सेंटीमीटर ठेवावी, आणि कमी करताना सहा विणून दोहोंचा एक येथून सुरुवात करावी. टोपी रिठ्याने धुऊनच द्यावी. धागा ॲक्रिलिकचा असेल, तर बाळंतिणीच्या खाटेशी शेगडी ठेवण्याची आपली रीत लक्षात घेऊन तसे तोंडी सांगावे. चिठ्ठी वाचली जात नाही.

पुरुषाच्या एका पूर्ण बाह्यांच्या स्वेटरात साधारण चारशे ग्रॅम लोकर असते आणि एका टोपीस वीस-पंचवीस ग्रॅम लागते. हिरव्या स्वेटराच्या सोळा टोप्या झाल्या. उरलेला गुंडा आता एका पांघरुणाच्या कोपऱ्यातील तुकड्यात गेला आहे.

वाटपाच्या वेळी फोटो काढण्यावरून मुलांत एकदा वाद झाला; काढू नयेत असे ठरले, आणि आम्हांला ते पटले. सिस्टरबाईंची यंदाची मागणी आली आहे: चौसष्ट टाक्यांच्या अधिक, पांढरा रंग नको. माईंच्या डोळ्यांना आता टाके नीट दिसत नाहीत. त्या बोटांनी मोजतात आणि मोठ्याने म्हणतात, म्हणजे मुलींनाही ऐकू जावे. दुसरा एक स्वेटर त्यांनी ट्रंकेतून काढून ठेवला आहे, तपकिरी रंगाचा. कोपरांना कसर लागली आहे, पाठ मात्र शाबूत आहे.