चुलीची कार्यक्षमता : संगणकावरील हिशोब

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला, तेव्हा चुलीच्या कार्यक्षमतेचे गणित कागदावरच मांडले जाई. आता शाळेच्या संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये ते क्षणात करता येते. उदाहरणार्थ, पाणी ५ किलो, तापमानवाढ ७० अंश सेल्सिअस व वाफ झालेले पाणी अर्धा किलो, या नोंदी स्वतंत्र चौकटींत भराव्यात. एक किलो पाणी एक अंशाने तापण्यास ४.१८६, तर त्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. त्यानुसार उपयुक्त उष्णता सुमारे २,५९५ किलोज्यूल होते. जळालेल्या लाकडाचे वजन व त्याचे उष्णतामूल्य यांच्या गुणाकाराने तिला भागावे.

किलोमागे १६,००० किलोज्यूल देणारे कोरडे लाकूड ६०० ग्रॅम लागल्यास कार्यक्षमता २७ टक्के येते. १२,००० किलोज्यूलचे ओलसर लाकूड ८०० ग्रॅम लागले, तरी उत्तर तेच. मात्र चौकटीत १६,००० हाच आकडा राहिल्यास उत्तर २० टक्क्यांवर घसरते आणि दोष लाकडाचा असूनही चांगली चूल नापसंत ठरते. म्हणून चुलींची निवड करणाऱ्या ग्रामपंचायतीने लाकडाच्या ओलाव्याची नोंद प्रथम पाहावी. धुराचे मोजमाप मात्र स्वतंत्रपणेच करावे लागते. या तक्त्यात ते येत नाही.