अपूर्ण भूतकाळ, फ्रेंच
(अँपार्फॅ). भूतकाळातील एखादी क्रिया चालू असलेली, वारंवार घडणारी किंवा दुसऱ्या घटनेची पार्श्वभूमी म्हणून दाखविणारे फ्रेंच क्रियापदाचे रूप. क्रियेचा आरंभ व शेवट येथे विवक्षित नसतो.

रूपसिद्धी : वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषी अनेकवचनी रूपातील ‘ओं’ हा प्रत्यय काढून उरलेल्या अंगास या काळाचे प्रत्यय लावतात. कोशातील मूळ रूपापासून आरंभ केल्यास दुसऱ्या गणात हमखास चूक होते. ‘पार्ले’ (बोलणे), ‘फिनीर’ (संपविणे) व ‘वाँद्र’ (विकणे) या तीन गणांच्या क्रियापदांची ती वर्तमानकालीन रूपे ‘पार्लों’, ‘फिनिसों’ व ‘वाँदों’ अशी आहेत. म्हणून अंगे ‘पार्ल’, ‘फिनिस’ व ‘वाँद’ ही होत. ‘फिनिस’मधील ‘स’ मूळ रूपात नाही, हे ध्यानात ठेवावे. अनियमित क्रियापदेही हाच नियम पाळतात. अपवाद एकच, ‘एत्र’ (असणे), त्याचे अंग ‘एत’.

प्रत्यय सहा असले, तरी एकवचनाची तिन्ही रूपे व तृतीयपुरुषी अनेकवचन यांचा उच्चार एकच, विवृत ‘ॅ’ : ‘झ पार्लॅ’, ‘त्यू पार्लॅ’, ‘ईल पार्लॅ’. भेद केवळ लेखनात दिसतो. उरलेली दोन रूपे ‘नू पार्ल्यों’ व ‘वू पार्ल्ये’. हे प्रत्यय लॅटिन ‘एबाम’पासून आले. त्यांच्या लेखनात पूर्वी ‘ओ’ हे अक्षर असे. उच्चार बदलल्यावरही ते दीर्घकाळ टिकले. त्याऐवजी ‘आ’ लिहावा, असा आग्रह व्हॉल्तेअरने धरला होता. फ्रेंच अकादमीच्या कोशाने तो बदल १८३५ मध्ये स्वीकारला.

अर्थ : मराठीतील ‘तो बोलत होता’, ‘तो बोलत असे’ आणि रीतिभूतकाळातील ‘तो बोले’ या तिन्हींसाठी फ्रेंचमध्ये ‘ईल पार्लॅ’ हे एकच रूप येते, भाषांतरकाराला संदर्भावरून निवड करावी लागते. याउलट ‘तो बोलला’ यासाठी ‘ईल आ पार्ले’ हे निराळे रूप आहे. दोहोंतील भेद कालावधीचा नव्हे. ‘तो तीन तास बोलला’ येथे क्रिया दीर्घ असूनही पूर्ण झालेली आहे, म्हणून अपूर्ण भूतकाळ चालत नाही. या बाबतीत मराठी वाचकाची भाषिक जाण सहसा त्याला योग्य दिशा दाखविते.

पात्राच्या मनातील विचार निवेदकाच्याच वाक्यांत गुंफण्यासाठी गुस्ताव्ह फ्लोबेर याने या काळाचा विपुल उपयोग केला. त्याच्या शैलीवरील १९२० च्या लेखात मार्सेल प्रूस्तने या काळाच्या उपयोगाची विशेष दखल घेतली आहे.