पित्तनलिकेतील छेद मिटविण्याच्या पद्धती

‘पित्त’ हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी योजला जातो. बोलभाषेत ‘पित्त झाले’ म्हणजे घशाशी आंबट येणे, मळमळणे, डोके दुखणे. शारीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा द्रव होय. पहिल्या अर्थाच्या पित्ताचा संबंध जठरातील आम्लाशी आहे, यकृताशी नाही. परंतु शब्द एकच असल्यामुळे उजव्या बरगडीखाली उठणारी कळही ‘पित्ताची’च समजली जाते आणि डोळे पिवळे होईपर्यंत तिचे खरे कारण, म्हणजे पित्तमार्गात अडकलेला खडा, पुष्कळदा ध्यानात येत नाही. असा खडा शस्त्रक्रियेने काढल्यानंतर उघडलेली नलिका कशी मिटवावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

यकृतातून येणाऱ्या नलिकेस पित्ताशयाची नळी मिळाली, की तेथून पुढील भागास सामायिक पित्तनलिका म्हणतात. ती सुमारे ७ ते ८ सेंटिमीटर लांब असून निरोगी अवस्थेत तिची रुंदी सहसा ६ मिलिमीटरांपलीकडे जात नाही. ती लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, म्हणजे ग्रहणीत, उघडते. तिच्या मुखाशी असलेल्या संकोचक स्नायूचे वर्णन रुग्गेरो ओडी यांनी १८८७ मध्ये केले; म्हणून तो ओडीचा स्नायू या नावाने ओळखला जातो. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त स्रवते, आणि शस्त्रक्रिया चालू आहे म्हणून ते थांबत नाही. छेद मिटविण्याचा सारा प्रश्न या अखंड प्रवाहातून उद्भवतो.

भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयास एक विशेष महत्त्व आहे. हा जिल्हा ज्या पूर्व विदर्भात मोडतो, तेथे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष अनेक कुटुंबांत आढळतो. या रोगात तांबड्या रक्तपेशी अकाली फुटतात, त्यांतील रंगद्रव्य पित्तात अधिक प्रमाणात उतरते आणि त्यापासून काळे खडे बनतात. त्यामुळे एरवी प्रौढ वयात दिसणारा हा विकार येथे तरुणांत, क्वचित लहान मुलांतही, दृष्टीस पडतो.

सामायिक नलिकेतील खडा काढताना तिच्या पुढील भिंतीवर, ग्रहणीच्या वरच्या बाजूस, एक ते दोन सेंटिमीटरांचा उभा छेद घेतात. नलिकेस रक्त पुरविणाऱ्या मुख्य वाहिन्या तिच्या दोन्ही कडांनी लांबीच्या दिशेने जातात. म्हणून आडवा छेद टाळावयाचा असतो. खडे निघाल्यावर छेद शिवणे हे वरवर पाहता सोपे काम आहे. तरीही ही शिवण टिकेल की नाही, हे केवळ टाक्यांच्या कौशल्यावर अवलंबून नसते. नलिकेचे खालचे तोंड मोकळे आहे की नाही, यावर ते बव्हंशी अवलंबून असते.

तलावांच्या या जिल्ह्यात ही गोष्ट समजावयास कठीण जाऊ नये. मालगुजारी तलावाची पाळ फुटून पुन्हा बांधली आणि पाणी सोडण्याचे तुडूम मात्र गाळाने बुजलेले राहिले, तर चढणारे पाणी प्रथम त्या ओल्या, नव्या भरावावरच जोर करील. अशा वेळी सांडवा असेल तर पाळ वाचते. तुडूम मोकळे असेल तर सांडव्याचे फारसे कारण उरत नाही. पित्तनलिकेच्या बाबतीत ग्रहणीतील मुख हे तुडूम, ताजी शिवण ही नवी पाळ, आणि शल्यविशारद ठेवतो ती नळी हा सांडवा, असे समजावयास हरकत नाही.

या सांडव्याचा इतिहास उद्बोधक आहे. कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. १८९० मध्ये बाझेल येथे लुडविग कूर्वाझिए यांनी सामायिक नलिका उघडून खडा काढला. त्या काळी क्षकिरणांचा शोधच लागलेला नव्हता. नलिकेत मागे काही राहिले की नाही, हे बोटांनी चाचपूनच ठरवावे लागे. मागे राहिलेला खडा, किंवा हाताळणीने सुजलेला ओडीचा स्नायू, प्रवाह अडवी आणि शिवण सुटे. यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स केर या जर्मन शल्यविशारदाने इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची रबरी नळी प्रचारात आणली. तिची आडवी बाजू नलिकेत राहते आणि उभी बाजू पोटाच्या भिंतीतून बाहेर येऊन पिशवीस जोडली जाते. याउलट बाल्टिमोर येथील विल्यम हॉलस्टेड यांनी निचऱ्यासाठी नळी न ठेवता नलिका मिटविण्याचा पक्ष मांडला. हॉलस्टेड यांचे स्वतःचे पित्ताशय १९१९ मध्ये काढण्यात आले होते. १९२२ मध्ये सामायिक नलिकेतील खड्यासाठी झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अंत झाला. शिवणीच्या वादाइतकाच मागे राहणाऱ्या खड्याचा प्रश्न किती बिकट होता, हे यावरून कळून येते.

टी-नळीचे गुण दोन. तिच्यामुळे नलिकेतील दाब वाढत नाही. आणि काही दिवसांनी तिच्यातून क्षकिरणांत दिसणारे औषध सोडून नलिकेचे चित्र घेता येते. खडा राहिलाच असेल, तर नळीभोवती तयार झालेल्या तंतुमय मार्गाने तो पुन्हा पोट न उघडताही काढता येतो. हा मार्ग तयार व्हावा म्हणूनच लॅटेक्स रबराची नळी पसंत करतात. सिलिकोनची नळी शरीरास फारशी चेतवीत नाही, त्यामुळे तिच्याभोवती तो नीट बनत नाही. मार्ग पक्का होण्यापूर्वी नळी निघाली, तर पित्त उदरपोकळीत सांडून जीवघेणा पर्युदरशोथ होऊ शकतो. म्हणून ती साधारणतः १० ते १४ दिवस, आणि दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा तीन आठवडे वा अधिक काळ, ठेवावी लागते. तोवर पित्ताबरोबर पाणी व क्षार शरीराबाहेर जात राहतात. सिकलसेलच्या रुग्णास ही हानी विशेष जाचक होते. कारण शरीर कोरडे पडणे हे त्याच्या वेदनांच्या झटक्याचे एक परिचित कारण आहे.

दुसरी पद्धत प्राथमिक संवरणाची, म्हणजे नळी न ठेवता छेद थेट शिवण्याची. यात आपोआप विरघळणारा बारीक धागा वापरतात. न विरघळणाऱ्या रेशमी धाग्याचा टाका आत राहिल्यास त्याभोवतीच नवा खडा जमण्याचा संभव असतो. या पद्धतीच्या अटी तीन : नलिका पुरेशी रुंद असावी, अन्यथा शिवणीने ती आकुंचन पावते, तिला तीव्र पूयदाह नसावा, आणि खालचा मार्ग मोकळा असल्याची प्रत्यक्ष खात्री झालेली असावी. नलिकेत घालावयाची दुर्बीण आणि शस्त्रक्रिया चालू असताना घेतलेले क्षकिरणचित्र यांनी ही तिसरी अट पुरी करता येते. कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन समीक्षांत, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांच्या सहा चाचण्यांतील ३५९ आणि दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियांच्या तीन चाचण्यांतील २९५ रुग्णांचा विचार केलेला आहे. टी-नळीने शस्त्रक्रियेचा व रुग्णालयातील वास्तव्याचा काळ वाढतो, पण तिचा लाभ सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मात्र या चाचण्या लहान होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या दोहोंमध्ये काही मधले मार्ग आहेत. छेदाखाली नलिकेत एक लहान नळी ग्रहणीपर्यंत सरकवून वरून शिवण घालता येते. निचरा आतल्या आत होतो, पण ती नळी पुढे तोंडावाटे दुर्बीण घालून काढावी लागते. नलिका फारच रुंद असेल आणि खडे अनेक असतील, तर छेद न मिटविता तो ग्रहणीशीच जोडतात. शिवाय छेदच टाळण्याचे उपायही आहेत. १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथे तोंडावाटे दुर्बीण नेऊन ओडीचा स्नायू कापण्याची पद्धती निघाली, आणि पुष्कळ रुग्णांत आज तिचाच अवलंब प्रथम होतो. भारतात पित्ताशय दुर्बिणीने काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. या तंत्राच्या प्रसारानंतर पित्ताशयाच्या नळीतूनच सामायिक नलिकेत शिरून लहान खडे काढणेही शक्य झाले.

तात्पर्य, केवळ शिवणीपुरता विचार करून पद्धतींची तुलना करणे अपुरे आहे. जेथे नलिका आतून पाहण्याची साधने आहेत, तेथे टी-नळी बहुधा अनावश्यक ठरते. जेथे ती नाहीत, तेथे तीच अजूनही विवेकाची निवड होय. भंडारा येथून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे. साकोली किंवा लाखांदूरकडील शेतमजुरास ते त्याहून दूर पडते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पोटाला नळी व पिशवी लावून तीन आठवडे घरी बसणे म्हणजे हंगामाची मजुरी गमावणे. खात्रीची साधने जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध होणे, हा म्हणूनच शल्यतंत्राचाच एक भाग मानला पाहिजे.

आणि जेथे नळी ठेवावी लागेल, तेथे रुग्णाशी बोलण्याची भाषाही नेमकी असावयास हवी. ‘पित्त काढणारी नळी’ एवढेच सांगितले, तर साचलेले वाईट पित्त एकदा निघून गेले की नळीचे काम संपले, अशी रुग्णाची समजूत होणे स्वाभाविक आहे. ती नळी आतील शिवण सांभाळीत आहे, तिच्याभोवती वाट तयार होईपर्यंत तिला धक्का लागता कामा नये, ती निसटल्यास किंवा पोट दुखू लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, एवढी चार वाक्ये त्याच्या बोलीत सांगण्यास फार वेळ लागत नाही. ती न सांगितल्यास उत्तम घातलेली शिवणही वाया जाऊ शकते.