उपोषणाच्या बातमीत हरवलेला कायदा

माहिती अधिकार कायदा 12 ऑक्टोबर 2025 रोजी वीस वर्षांचा झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याचा कणा मोडला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्येच संमत झाला होता. त्याचे नियम नोव्हेंबरमध्ये जाहीर करताना सरकारने त्यातले कलम 44(3) लागू केले आणि माहिती अधिकारातले 8(1)(जे) बदलून टाकले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला कारण द्यावे लागे. तिचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नाही, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडेल, हे दाखवावे लागे. त्यातही जनहित मोठे असेल तर माहिती द्यावीच लागे. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी एक तरतूदही त्या कलमाला जोडलेली होती. आता हे सारे गेले. माहिती वैयक्तिक आहे, एवढे म्हटले की नकार पुरा होतो.

ज्या जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे, तिथल्या वर्तमानपत्रांत मी ही बातमी शोधत होतो. नगरपालिकांच्या निवडणुका आणि बिबट्याचे हल्ले यांनी पाने भरली होती. दोन्ही बातम्या मोठ्याच होत्या, त्यांबद्दल तक्रार नाही. पण ज्या कायद्यासाठी या गावातल्या माणसाने पोटाला चिमटा घेतला, त्याचे कलम कापले गेल्याची बातमी मला आतल्या पानावर, दिल्लीहून आलेल्या मजकुरात, विशेष काही न घडल्यासारखी छापलेली मिळाली. ती वाचल्यापासून आमच्या व्यवसायाने राळेगणबद्दल गेल्या पन्नास वर्षांत काय लिहिले आणि काय सोडले, हा विचार मनातून जात नाही.

पहिल्या वीस वर्षांबद्दल मी फारसे लिहिणार नाही. 1975 मध्ये लष्करातून परतलेले अण्णा हजारे, यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार, नालाबंडिंग, पाझर तलाव, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचली आहे. वाडेगव्हाण फाट्यावरून आत वळणाऱ्या सहलीच्या गाड्यांनी ती राज्यभर नेली. या काळातले बहुतेक लेखन भक्तिभावाचे होते. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची पद्धत गावात होती, ती कुणी लपवलीही नव्हती. पण कायदा हातात घेणारी ग्रामसभा आणि कायद्याने चालणारी ग्रामसभा यांत फरक कुठे, हा प्रश्न आमच्या नियतकालिकांनी त्या वेळी नेटाने विचारला नाही. नंतर इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकांनी तो विचारला, तेव्हा आपल्याकडे त्याला अपमान समजले गेले.

माझे मन अडकले आहे ते 1996 ते 2006 या दशकात. भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन 1991 मध्ये सुरू झाले होते आणि युतीचे सरकार आल्यावर त्याला खरी धार चढली. गावोगावचे लोक कागद घेऊन राळेगणला यायचे. कुणाच्या पिशवीत रोजगार हमीची हजेरीपत्रके, कुणाकडे पाझर तलावाची मोजमाप पुस्तके, कुणाकडे सहकारी संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल. मंदिराच्या खोलीत ते कागद उलगडले जायचे. आम्ही नगरहून, पारनेरहून येणारे वार्ताहर ओट्यावर बसून ते वाचायला शिकलो. मस्टरवर एकाच हाताने केलेल्या दहा सह्या कशा ओळखायच्या, मयताच्या नावावर मजुरी कशी निघते, मंजूर अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष काम यांतली फट कुठे शोधायची, हे शिकवणारा वर्ग दुसरीकडे कुठे नव्हता.

या दशकात पक्ष पाहून कुणाला सोडले गेले नाही, हे आज मुद्दाम लिहून ठेवावेसे वाटते. अण्णांनी ज्यांच्यावर आरोप केले ते शशिकांत सुतार आणि महादेव शिवणकर हे युती सरकारमधले मंत्री होते. त्याच सरकारमधले मंत्री बबनराव घोलप यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात 1998 मध्ये अण्णांना तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि येरवड्याला जावे लागले. 2003 मध्ये आरोप झाले ते आघाडी सरकारमधल्या राष्ट्रवादीच्या मंत्र्यांवर. त्यांच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला आणि 2005 च्या सुरुवातीला त्याचा अहवाल आला.

त्या अहवालाचे आमच्या धंद्याने जे केले, त्याचा राग अजून उतरलेला नाही. आयोगाने मंत्र्यांवर ठपका ठेवला, आणि मार्च 2005 मध्ये सुरेश जैन आणि नवाब मलिक मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्याच आयोगाने अण्णांशी संबंधित हिंद स्वराज ट्रस्टने त्यांच्या वाढदिवसावर केलेला 2 लाख 20 हजार रुपयांचा खर्चही गैर ठरवला. एवढी रोखठोक, कुणालाच न सोडणारी चौकशी महाराष्ट्राने क्वचितच पाहिली असेल. पण ज्यांना अण्णा प्रिय होते त्यांनी पहिला भाग छापला आणि ज्यांना मंत्री प्रिय होते त्यांनी दुसरा. दोन्ही भाग एकत्र मांडणारा माझा लेख एका साप्ताहिकाच्या संपादकांनी, वाचक गोंधळेल असे सांगून, परत केला. वाचक गोंधळत नाही. तो हिशेब मागतो, आणि हिशेबाला दोन बाजू असतात हे त्याला आपल्या सोसायटीच्या खातेवहीवरूनच ठाऊक असते.

याच वर्षांत महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा घडला. 2000 सालचा पहिला कायदा इतका दुबळा होता की माहिती न देण्याचीच सोय त्यात जास्त होती. 2002 मध्ये त्याच्या जागी अध्यादेश आला. मग राष्ट्रपतींच्या सहीची वाट, ऑगस्ट 2003 चे आझाद मैदानावरचे उपोषण आणि अखेर ती सही. केंद्राचा कायदा त्यानंतरचा. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली 15 जून 2005 रोजी. योगायोग असा की तो अण्णांचा वाढदिवस. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवायांमधून जी वाट पाडली, तिलाच हा महाराष्ट्राचा रस्ता येऊन मिळाला होता.

या कायद्याचे राखणदार पत्रकारही होते. पुण्यात प्रकाश कर्दळे यांनी इंग्रजी वृत्तपत्राची जागा माहिती अधिकाराच्या कामाला लावली. विजय कुवळेकर संपादकपदावरून पुढे राज्य माहिती आयुक्त झाले. आमच्यासारख्या तालुक्यातल्या वार्ताहरांना ‘जोडपत्र अ’ कसे भरायचे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप कुठे लावायचा, तीस दिवस उलटल्यावर पहिले अपील कुणाकडे करायचे, हे पाठ झाले होते. दिवसाला 250 रुपये दंड अधिकाऱ्याच्या पगारातून जाऊ शकतो, हे कळल्यावर कचेरीतला आवाज कसा बदलतो, ते मी ऐकले आहे.

2006 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फाइलवरच्या टिपण्या या कायद्यातून वगळायचे ठरवले. निर्णय कुणी फिरवला आणि कुणी अडवला हे टिपणीतच कळते, त्यामुळे ती गेली तर कायदा पोकळ होणार होता. अण्णा 9 ऑगस्टला आळंदीत उपोषणाला बसले आणि 19 ऑगस्टला सरकार मागे हटले. त्याच वर्षी राज्याचा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा लागू झाला. कोणतीही फाइल कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे तो सांगतो. आजही तो कायदा आहे, आणि त्याचे नाव घेणारा वार्ताहर मला बऱ्याच काळात भेटलेला नाही.

मग 2011 उजाडले. एप्रिलमध्ये जंतरमंतर, ऑगस्टमध्ये तिहार आणि रामलीला मैदान. राळेगणच्या पारावर वाहिन्यांच्या छत्र्या उभ्या राहिल्या. या वर्षावर ग्रंथ झाले आहेत, मी एवढेच नोंदवतो की त्या गर्दीत कागद दिसेनासा झाला. अण्णांचे वजन किती घटले, रक्तदाब किती, नाडीचे ठोके किती, हे तासातासाला सांगितले गेले. जनलोकपाल मसुद्यातले कलम काय म्हणते, हे सांगायला कुणाकडे तीन मिनिटे नव्हती. डिसेंबरात मुंबईत एमएमआरडीए मैदान रिकामे राहिले, तेव्हा त्याच वाहिन्यांनी आंदोलन संपल्याचे जाहीर केले. डिसेंबर 2013 मध्ये यादवबाबा मंदिराजवळच्या उपोषणाच्या काळात लोकपाल कायदा संमत झाला. पहिला लोकपाल नेमायला मार्च 2019 उजाडावे लागले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये लोकपाल संस्थेने सात बीएमडब्ल्यू गाड्यांसाठी निविदा काढली. गाड्यांची बातमी सगळीकडे झळकली. लोकपालाने इतक्या वर्षांत किती प्रकरणे खटल्यापर्यंत नेली, हे विचारणारे मोजकेच निघाले.

मधली वर्षे भराभर गेली. 2018 चे दिल्लीतले आणि 2019 चे राळेगणमधले उपोषण यांच्या बातम्या कोणता मंत्री मध्यस्थीला आला यावरच थांबल्या. 2019 मध्येच माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे तुंबलेली अपिले आणि तक्रारी लाखाच्या आसपास गेल्या. जानेवारी 2010 मध्ये तळेगाव दाभाडे इथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला होता. त्या वेळचा संतापही या वर्षांत विरून गेला.

आता नव्या 8(1)(जे) बद्दल सरकार म्हणते, काळजी नको, जनहित मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा कलम 8(2) मध्ये आहेच. मुभा आहे, पण जनहित आहे हे पटवून द्यायचे ते अर्जदाराने, आणि ठरवायचे ते ज्याची फाइल आहे त्या कचेरीनेच. अकोल्यातल्या एका भविष्य निर्वाह निधी अधिकाऱ्याच्या मालमत्तेची आणि सेवेतल्या कारवाईची माहिती मागणाऱ्या गिरीश देशपांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नकार दिला. तेव्हापासूनच अधिकारी त्या निकालाचा दाखला देऊन अर्ज फेटाळत आले आहेत. आता त्यांना निकालाचीही गरज नाही.

गावातला भ्रष्टाचार नावांच्या आडून होतो. घरकुलाच्या यादीत बंगलेवाला आहे का, पीक नुकसानीचे अनुदान कुणाच्या खात्यावर गेले, रोजगार हमीच्या मस्टरवर पुण्यात नोकरी करणारा माणूस आहे का, हे पाहायचे तर नावच लागते. नाव काढून दिलेली यादी ही यादी नव्हे. राळेगणच्या ओट्यावर आम्ही वाचले ते सगळे कागद नावांचे होते. आज पारनेरच्या तहसील कचेरीत तसाच अर्ज कुणी टाकला तर त्याला काय उत्तर मिळते, पहिल्या अपिलात काय होते, आयोगापुढे सुनावणी यायला किती महिने लागतात, हे एक प्रकरण धरून शेवटपर्यंत लिहायला हवे. त्यासाठी तालुक्यात राहणारा, जाहिराती गोळा करण्याची सक्ती नसलेला पूर्णवेळ वार्ताहर लागतो. माझ्या माहितीतले एकही मराठी साप्ताहिक आज तसा वार्ताहर पगारावर ठेवत नाही.